बायचा अंगठा

१

दुपारचं जेवण झालं की मी गॅलरीत खुर्ची ओढतो. आमचं घर पनवेलला उरण नाक्याजवळ, चौथ्या मजल्यावर. सून बँकेत जाते, मुलगा मितेश त्याच्या प्लॉटच्या कामांवर, नात रंजिता कॉलेजला. एक ते अडीच घर माझं आणि पंख्याचं. पंखा जुना आहे. दर फेऱ्याला एकदा टक करतो. तेवढ्या वेळात मी फोन बघतो.

फोन माझ्या बहिणीचा. तिचं नाव कमळाबाई, पण मी तिला बायच म्हणायचो. ती मार्गशीर्षात गेली. बाय धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायचं तर धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवले गाते, तेच आमचे मंत्र. गाण्याआधी बाय दोनदा खाकरायची आणि मग एकेकाचं नाव घेऊन बोलवायची. देवाचं, मेलेल्यांचं, जित्यांचं. तिच्या जासई गावात समज होता, बायनं नाव घेतलं की माणसानं उठून मांडवात यायचंच. बसून राहायचं नाही.

तिचे धवले लोकांनी ऐकावेत म्हणून तिची पुतणी मनिषा हिनं तिला हा फोन घेऊन दिला होता. तेराव्याला मनिषानं तो माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "मामा, तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. आवाज ऐकाल काकीचा." मी तो बंद करून कपाटात कपड्यांखाली ठेवला. ऐकायची हिंमत नव्हती. संक्रांतीला रंजितानं तो काढला, चार्जिंगला लावला आणि मला शिकवायला बसली.

"आबा, तुमच्या नावाचं नवीन अकाउंट काढू? हे आजीचं आहे."

"ऱ्हाऊ दे तिचंच," मी म्हणालो.

"मग तिच्या आवडीचंच येईल हं सगळं. फोन माणूस ओळखतो. ज्याला अंगठा द्याल ना, तसलंच आणखी आणतो. बाकीचं गाळून टाकतो."

"चाळणीसारखं?"

"हो. आणि प्रत्येकाची चाळणी वेगळी. पप्पांच्या फोनवर नुसते प्लॉट आणि गाड्या. माझ्या फोनवर कुत्री."

व्हिडिओखाली एक छोटा अंगठा असतो, पांढरा. तो दाबला की निळा होतो. एवढं मला कळलं. मी शाळेत टिकलो नाही, कागदांवर जन्मभर अंगठाच दिला आहे.

मला ते बरं वाटलं. बायच्या चाळणीतून खाली पडलेलं बघायचं. धवले, जवळ्याची चटणी, खाडीतली होडी, कुणाच्या तरी अंगणातली अबोली. ताट तिचं होतं आणि मी त्यात जेवायला बसलो.

२

फेब्रुवारीतल्या एका दुपारी एक व्हिडिओ आला. नळाखाली दोन हात एकमेकांना धूत होते. बाकी काही नाही. तोंड नाही, गाणं नाही, फक्त पाण्याचा आवाज. पुरुषाचे हात होते. साबण लावला, चोळला, धुतला, परत लावला.

त्याच्याखालचा अंगठा निळा होता.

मी दिला नव्हता. मला वाटलं, चुकून लागला असेल. मग माझं मलाच हसू आलं, कारण माझं बोट फोनला कळतच नाही. चार चार वेळा दाबावं लागतं. मी आणि बाय लहानपणापासून मिठागरात राबलो. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा आणि बाय बारा. ती मला पाठीवर घेऊन बांधावर जायची, मला सावलीत ठेवायची आणि मीठ ओढायची. चाळीस वर्षं मीठ ओढलं की बोटांवरच्या रेघा जातात. अंगठा पांढरा आणि गुळगुळीत होतो. रेशनच्या दुकानातलं मशीन आम्हा दोघांना कधी ओळखायचं नाही. दुकानदार म्हणायचा, "कमळाबाई, तुमी हायत का नायत ते मशीनला समजंना." बाय म्हणायची, "मशीनला सांग, मी हाय. तुला उद्या मांडवात दिसन."

म्हणून त्या फोनला कुलूपही नव्हतं.

मी रंजिताला विचारलं, हा व्हिडिओ कधीचा. तिनं बघून सांगितलं, "आज सकाळचा आहे, आबा."

३

हळूहळू धवले यायचे थांबले. अबोली गेली, होडी गेली. चाळणी बारीक होत गेली म्हणा. शेवटी फक्त हात उरले. कणीक मळणारे, टेबलावर बोटं वाजवणारे, रुमालाला पुसले जाणारे. सगळ्यांखाली अंगठा आधीच निळा.

"तुम्ही थांबून बघता ना, म्हणून," रंजिता म्हणाली. "अंगठा द्यायलाच पाहिजे असं नाही. नजर कुठं अडकली तेही फोन धरतो."

हे मला पटलं. पटलं आणि नको वाटलं. म्हणजे हे माझ्याच मनातलं बाहेर येत होतं का?

मग तिनं एक यादी उघडली. आजवर जिथं जिथं अंगठा दिला ती. तारखा वाचता वाचता ती थांबली.

"हा फोन कपाटात होता ना? बंद?"

"संक्रांतीपर्यंत."

"त्या दिवसांतले पण अंगठे आहेत, आबा. रोज एक. आजी गेली त्याच दिवसापासून." मग स्वतःशीच मान हलवून म्हणाली, "मनिषाआत्याच्या फोनवर पण आजीचं अकाउंट चालू असणार. तीच देत असेल. दुसरं काय?"

तेवढ्यात मितेश दुपारचा घरी आला. काहीतरी कागद विसरला होता. जाता जाता माझ्या खांद्यावरून वाकला. "काय बाबा, रील बघून बघून म्हातारपणी चष्मा बदलाल."

फोनवर तेव्हा शाईचं पॅड होतं. निळं, पत्र्याच्या डबीतलं. एक हात त्यावर अंगठा ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवत होता.

मितेश सरळ झाला. कागद हातात तसाच.

"हे कुणी पाठवलं?"

"कुणी पाठवत नाही, पप्पा," रंजिता म्हणाली. "फोन आपलं आपण आणतो."

"तो फोन द्या इकडं. बाबा, मी तुम्हाला नवीन आणतो, मोठ्या स्क्रीनचा. ही अडगळ कशाला."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

त्यानं हात पुढे केला होता. मी फोन छातीशी धरला. मुलासमोर मी असं कधी केलं नव्हतं. तो हसला, पण हात मागं घ्यायला त्याला वेळ लागला.

४

आता दवाखान्याचं सांगतो.

बायला न्यूमोनिया झाला म्हणून पनवेलला दाखल केलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या खोलीत मी, मितेश आणि त्याचा भागीदार दाजी होतो. मनिषा जासईला गेली होती. ती कंटेनर यार्डातल्या ड्रायव्हरांना जेवणाचे डबे देते, ते टाकून ती बारापर्यंत येणार होती.

बायची जागा जासईला आहे, नवऱ्याकडून आलेली. तिच्यावर तिचं घर. मूलबाळ नाही. नवऱ्यानं टाकलेली मनिषा तिथंच तिच्याजवळ राहत होती आणि घर मनिषाला द्यायचं बायच्या मनात होतं. चारी बाजूंनी यार्ड झालेले आणि मधे ही एवढीच जागा. मितेश दोन वर्षं तिच्या मागं लागला होता. ती त्याला म्हणायची, "माजा जीव हाय तवर माजा आंगठा तुला मिलायचा नाय. जीव गेला का मंग घे." आणि हसायची.

त्या दिवशी मितेश मला म्हणाला, "बाबा, खाली जाऊन दोन चहा घेऊन या." मी गेलो. टपरीवर गर्दी होती. वर आलो तेव्हा मितेश म्हणाला, "बाय गेली." दाजी पिशवीची चेन लावत होता. डॉक्टर त्यानंतर आले.

बायचा उजवा अंगठा निळा होता.

मी विचारलं नाही. कप खिडकीत ठेवले. मनिषाची खोबरेल तेलाची बाटली टेबलावर होती. ते तेल रुमालावर घेतलं आणि अंगठा पुसला. शाई लवकर निघत नव्हती. नखाच्या कडेची तर शेवटपर्यंत निघाली नाही, तिथं मी हळद लावली. बायका अंघोळ घालायला आल्या तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

महिन्यानं मितेशनं बायचं मृत्युपत्र काढलं. जागा त्याच्या नावावर. दाजी साक्षीदार, आणखी एक कुणीतरी साक्षीदार. तारीख आजारपणाच्या आधीची. मी त्याच्या घरात राहतो, त्याचं अन्न खातो. मी काही बोललो नाही.

५

यादीचं विचारायला म्हणून मी उरणच्या एसटीनं जासईला गेलो. सकाळची वेळ. मनिषा ओट्यावर भाकऱ्या थापत होती. बाहेरून कंटेनरची गाडी गेली की फळीवरची ताटं थरथरायची.

"काकीचा अकाउंट?" ती म्हणाली. "माज्याकडं कुठचा, मामा? माजा फोन बगा ना, भाकरीच्या पिठानं भरलाय. काकीचा तो तेवढा एकच."

 तिनं तवा उतरवला.

"मितेशदादांनी पाडव्याची मुदत दिलीय. पाडव्याला मशीन आनून घर पाडनार. मी डबे कुठं रांधू? रस्त्यावं?"

"वकील काय म्हणतो?"

"कागद दिलाय त्यानं. बगा." तिनं डब्याखालून मृत्युपत्राची झेरॉक्स काढली. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता. "मामा, खरं सांगा. काकीच्या आंगठ्याला रेघा व्हत्या?"

मी कागद उजेडात धरला. ठसा स्वच्छ होता. गोल गोल रेघा, आणि मधून तिरकी गेलेली एक पांढरी फट. जखमेची.

ती जखम मला ठाऊक होती. मितेश सहा वर्षांचा असताना खाडीत कालवाच्या कवचीनं त्याचा अंगठा चिरला होता. बायनंच त्यावर पदर फाडून बांधला होता.

म्हणजे आधी त्यांनी बायचा अंगठा उठवून बघितला असणार. कोरा डाग उमटला असणार. मग मितेशनं स्वतःचा दिला. आगऱ्याचा मुलगा, पण मिठागरात कधी उतरला नाही. मिठानं रेघा जातात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"वकील म्हनतो, घरचा एक मानूस साक्षीला उभा ऱ्हायला पायजे," मनिषा म्हणाली. "तुमी व्हतात ना तिथं?"

"मी चहा आणायला गेलो होतो."

"आलात कवा?"

"नंतर."

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात माझ्या सदऱ्याच्या खिशात कुणीतरी खाकरलं. एकदा. मग परत एकदा. बारीक, घशाच्या तळातून, गाण्याआधी गळा मोकळा करतात तसं.

मनिषाच्या हातातलं उलथणं पडलं. मी फोन काढला. पडदा काळा होता. आम्ही दोघं थांबलो, पण पुढं गाणं आलं नाही.

"बंद करा तो, मामा," ती हळूच म्हणाली.

बंदच होता.

६

त्या आठवड्यात मितेशचा फोन त्याला ओळखेनासा झाला. जेवताना तो सारखा अंगठा पुसून लावायचा आणि फोन सारखा नाही म्हणायचा. सून म्हणाली, "मटणाचा हात लावताय, कसा उघडेल?" सगळे हसले. तोही हसला.

मग एका दुपारी तो एक वाजता घरी आला. कुठल्याशा प्लॉटच्या नोंदणीला गेला होता. उजव्या हाताला रुमाल गुंडाळला होता. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लावून.

"मशीनवर माझा अंगठा लागत नाही, बाबा. चार माणसांसमोर दहा वेळा लावला. तो कारकून म्हणतो, मिठागरात होता का?"

त्यानं रुमाल सोडला. अंगठा पांढरा होता, अंड्याच्या कवचासारखा. एक रेघ नव्हती. मी तो हातात घेऊन उजेडाकडे वळवला. कालवाची जखमही नव्हती. बाकीची चार बोटं जशीच्या तशी.

"दुखतं?"

"चुरचुरतं. मीठ लागल्यासारखं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या फोनवर पण हातच येतात आता. प्लॉट नाहीत, गाड्या नाहीत. दाजीच्या फोनवर पण. दाजीनं फोन बदलला. नव्या फोनवर, उघडल्या उघडल्या, पहिलाच हात."

पंखा टक टक करत होता.

"बाबा, बाय तेव्हा गेलेली होती ना?"

"तूच सांगितलंस, गेली म्हणून."

"मी नाडी बघितली होती. मला लागली नाही. मला वाटलं..." तो थांबला. त्याचा अंगठा अजून माझ्याच हातात होता. "तुम्हाला काय वाटलं?"

"मी चहा आणायला गेलो होतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. अगदी मनिषासारखा. "बाबा," तो म्हणाला, "चहा तर तुम्ही..."

 त्यानं रुमाल गुंडाळला आणि उठून खोलीत गेला. दाराला आतून कडी लावली. माझ्या पोटचा पोर. मला त्याची दया आली, आणि दयेच्या खाली आणखी काहीतरी होतं. बरं वाटत होतं. ते मला कबूल केलं पाहिजे.

७

पाडव्याच्या आधीचा शुक्रवार. दुपारी सव्वा वाजता वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. खालचे रिक्षावालेही जेवायला गेले असावेत, कारण खरंच काही ऐकू येत नव्हतं.

टक.

मी वर बघितलं. पंखा थांबलेला होता.

टक.

आवाज मांडीवरच्या फोनमधून येत होता. त्यात एक छत दिसत होतं, पोपडे आलेलं, आणि छताला हळूहळू फिरणारा पंखा. तो आमचा नव्हता. चित्र आडवं पडून घेतल्यासारखं होतं. उशीवर डोकं ठेवून बघितलं की दिसतं तसं.

मग चित्रात मितेश आला. मोठा, जवळ, वाकलेला. त्याच्या कपाळावर घाम होता. दाजीचा आवाज आला, "उमटत नाय रं, नुसता डाग पडतो." मितेशनं खाली बघितलं. मग स्वतःचा अंगठा डबीतल्या पॅडवर ठेवला आणि डावीकडून उजवीकडे फिरवला.

चित्र एकदा काळं झालं आणि परत आलं. पाच-सहा सेकंदांनी परत काळं झालं, परत आलं.

पापणी मिटते तसं.

मी फोन उलटा ठेवायला हवा होता. रंजिता म्हणाली होती, नजर अडकली की फोन धरतो. माझी नजर अडकली होती, कारण मितेशच्या खांद्यामागे दार होतं, आणि दार अर्धं उघडं होतं.

दारात एक म्हातारा उभा होता. हातात दोन कप. वाफ येत होती. तो आत येत नव्हता आणि मागंही जात नव्हता. सगळं बघत होता. चित्र त्याच्याकडे वळलं, म्हणजे उशीवरचं डोकं वळलं, आणि तो सरळ माझ्याकडे बघू लागला.

टपरीवर गर्दी नव्हती. कधीच नव्हती. मी वर आलो तेव्हा ती जिवंत होती आणि तिनं मला बघितलं होतं. तिच्या घशातून दोनदा आवाज आला होता. मला वाटलं, माझं नाव घेणार. मी एक पाऊल मागं गेलो आणि दार ओढून घेतलं. चहा गार होईपर्यंत बाहेर थांबलो.

फोनमधलं दार बंद झालं. चित्र तिथंच थांबलं.

खाली अंगठा होता. या वेळी पांढरा. इतके दिवस सगळे निळे करून ठेवले होते आणि हा एक माझ्यासाठी सोडला होता.

आतल्या खोलीत मितेश कूस बदलत होता, त्या दुपारपासून तो कामावर गेलाच नव्हता; पलंग करकरला. मला माहीत होतं, ज्याला अंगठा द्यावा तसलंच आणखी येतं. माझा मुलगा होता. सहा वर्षांचा असताना रक्ताचा हात वर धरून माझ्याकडे धावत आला होता आणि मी घाबरलो म्हणून बायकडे गेला होता.

मी अंगठा ठेवला. फोनला माझं बोट कधी कळत नाही. त्या दिवशी पहिल्याच स्पर्शाला निळा झाला. आणि अंगठा चुरचुरला, ताज्या जखमेत मिठागराचं पाणी जावं तसा.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनिषाला बोलावून घेतलं आणि आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागे एक पोलीस बाई होत्या, रंजितापेक्षा थोड्या मोठ्या. मी सावकाश सगळं सांगितलं. दाराचंही सांगितलं. मनिषा मृत्युपत्राची झेरॉक्स पुढं ठेवून शेजारी बसली होती. दाराचं ऐकल्यावर तिनं खुर्ची जराशी बाजूला सरकवली. फोनचं तेवढं सांगितलं नाही.

बाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. "म्हणजे आजोबा, मृत्युपत्रावरचा ठसा तुमच्या मुलाचा आहे?"

"हो. मधे तिरकी जखम आहे बघा. कालवाची."

"सही करता येते?"

"नाही. पण माझा अंगठा उमटत नाही, बाई. मिठागराचा आहे. नुसता डाग पडेल."

"पडू दे. द्या तरी."

त्यांनी पॅड पुढं केलं. मी अंगठा फिरवला आणि कागदावर ठेवला. उचलला.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग मृत्युपत्राची झेरॉक्स उचलली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"आजोबा, थट्टा करताय का?"

मी वाकून बघितलं. गोल गोल रेघा. स्वच्छ. मधून तिरकी गेलेली पांढरी फट.

मी माझा अंगठा वळवला. शाईखाली जखम होती, जुनी, भरलेली. मी बोटानं चाचपली. माझीच होती.

लहानपणी दुसऱ्या पोराच्या हातात काही दिसलं आणि मी रडलो, की बाय जाऊन ते हिसकावून आणायची. चिंच असो, भोवरा असो. माझ्या मुठीत कोंबायची आणि लाडानं म्हणायची, "घे दादूस. आता तुजा." त्या पोराचं रडणं तिला ऐकू यायचं नाही.

"हा तर तुमचाच ठसा आहे," बाई म्हणाल्या. "कागद तुम्ही केलात?"

मनिषानं तोंडावर पदर धरला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

यात खोटं काय आहे, मी विचार केला. दार मी ओढलं. शाई मी पुसली. हळद मी लावली.

"हो," मी म्हणालो. "माझाच."

बाईंनी दोन्ही कागदांना टाचणी लावली. मग म्हणाल्या, वरिष्ठांना दाखवावं लागेल, दोन्ही कागद तपासणीला जातील, तोपर्यंत त्या घराला कुणी हात लावायचा नाही, मुलालाही बोलावून घेऊ. मी इथंच पनवेलला राहायचं, बोलावलं की यायचं. "या हं पण. नाव पुकारलं की यायचं."

"येईन," मी म्हणालो.

बाहेर ऊन कडक होतं. मनिषा रिक्षा बघायला पुढं गेली. घर राहिलं होतं तिचं, तरी ती माझ्यापासून चार हात लांबून चालत होती. रस्त्यापलीकडे रंजिताची स्कूटर थांबली होती आणि मागं मितेश बसला होता. कुणी सांगितलं त्याला कोण जाणे. रुमाल सुटून लोंबत होता. पांढरा अंगठा त्यानं दुसऱ्या मुठीत धरला होता आणि तो माझ्याकडे नाही, माझ्या खिशाकडे बघत होता.

"मामा, बसा," मनिषानं हाक मारली.

तेव्हा खिशात बाय खाकरली. एकदा. मग परत एकदा.

मी रिक्षात बसलो नाही. उभाच राहिलो. मितेशही स्कूटरवरून उतरून उभा राहिला. आता ती नाव घेणार होती. आधी कुणाचं, त्याचं की माझं, एवढंच ऐकायचं राहिलं होतं.